तपासणीपुरतं नाटक

आमच्या हडपसरच्या कॉलेजात आधी आम्ही तिघं-चौघं कँटीनमागच्या पायरीवर बसायचो. कुणाचं मन भरून आलं की तो चहा घेऊन शेजारी टेकायचा. बघणाऱ्याला वाटायचं, टवाळक्या चालल्यात. मग शासनाची आमच्यावर कृपा झाली. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना धीर द्यायचा, अशी योजना आली. प्रशिक्षण मिळालं, जिन्याजवळ खोली मिळाली आणि दारावर लांबूनही दिसेल अशी पाटी लागली: मानसिक आधार कक्ष. त्या पाटीखालून सगळ्यांदेखत आत कोण जाणार? खोलीत उरलो मी आणि पंखा. काम करून थकले असते तर चाललं असतं. मी नुसती बसून थकले होते.

त्यात तपासणी आली. खोली रिकामी दिसली तर योजना बंद.

"कादंबरी, कुणाला तरी समोर बसव," योजना बघणारे आमोद सर म्हणाले. "थोडं नाटक करायला सांग."

मी सुदर्शनला पकडलं. वाशीमचा, वर्गातला नकलाकार. सरांची नक्कल तर सरांपेक्षा बरी करतो.

"झोप लागत नाही म्हण, बास," मी त्याला बजावलं.

"वडापाव लागेल," तो म्हणाला.

तपासणीच्या मॅडम आल्या. सुदर्शनने मान खाली घातली. "झोप लागत नाही," तो म्हणाला. मी शिकवल्याप्रमाणे मान डोलावली. पण तो थांबला नाही.

"मेसमध्ये घास उतरत नाही. बाबा फोनवर विचारते, मजेत आहेस ना? मी म्हणतो, हो. दिवसभर सगळ्यांच्या नकला करतो अन् रात्री मले माझा आवाजच आठवत नाही."

हे मी सांगितलेलं नव्हतं.

"फोटो आला. छान करतोय हं मुलगा," म्हणत मॅडम मोबाइल पर्समध्ये टाकून उठल्या. सर त्यांना चहाला घेऊन गेले.

सुदर्शन टेबलाकडे बघत बसला होता. मग एकदम हसला. "जमलं ना?" म्हणाला आणि निघून गेला. एवढं प्रशिक्षण घेतलं आणि ऐन वेळी तोंड शिवलं. स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन बसले. दुपारी दार जरासं उघडलं. सुदर्शन उंबऱ्यातच उभा. त्याने मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

"आज पण तपासणी आहे का?"

मी समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"आहे," मी म्हणाले. "आता रोजच आहे. ये, बस."