उघड्या फरशीची खोली

साहेब कुत्र्याच्या बरगडीवरचे केस भादरून झाले, तशी डॉक्टरीणबाईंनी पेनाने ठिपक्यांच्या रांगा काढल्या आणि ॲलर्जी कशाची ते पाहायला प्रत्येक ठिपक्याशेजारी बारीकशी सुई टोचली. गवत, परागकण, बुरशी, घरातली धूळ, मांजर. शेवटी माणसाच्या अंगाचा कोंडा. गुंगीतला कुत्रा घोरत होता.

“वन्सं, दुखत नाही ना हो बाळाला?” डॉक्टरीणबाईंच्या भावाची बायको तिसऱ्यांदा विचारत होती.

“तुमच्यापेक्षा कमीच दुखतंय, वहिनी.”

एवढी माया या बाईच्या अंगात होती, हे नणंदेला आजच कळत होतं. तीन वर्षांपूर्वी हिनेच सासूला मोठ्या खोलीतून हलवून स्वयंपाकघरामागच्या खोलीत टाकलं. लोखंडी खाट, चटई, उघडी फरशी. आईने पायाला गार लागतं म्हणून गालिचा मागितला, तर ही म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला कशाला? धूळ साठते.” भाऊ मूग गिळून बसला. ते वाक्य डॉक्टरीणबाईंनी जपून ठेवलं होतं. धार जाऊ नये म्हणून अधूनमधून परजतही होत्या.

पंधरा मिनिटांनी त्या मोजपट्टी घेऊन वाकल्या. धुळीच्या ठिपक्यापाशी टपोरी गांध उठली होती. कोंड्याची जागा सपाट. कागदावरच्या त्या कोऱ्या ओळीपाशी पेन थांबलं. एक खोटा आकडा मांडला की झालं. मालकिणीची सावलीसुद्धा कुत्र्याला वर्ज्य. कोण पडताळायला येणार होतं?

“माझ्या पलंगावर नुसता खाजवत असतो,” वहिनी सांगत होती. “दुपारी आईंच्या खाटेखाली जाऊन पडतो, तेवढा वेळ गप्प. काय लळा लावलाय म्हातारीने, कोण जाणे.”

पेन उचललं गेलं. ओळ कोरीच राहिली.

“लळा नाही, धूळ. धुळीतले किडे. गाद्या, पडदे, गालिचे, सगळ्यांत असतात. औषध देते, पण त्याला उघड्या फरशीची खोली हवी.”

“तशी आईंचीच आहे.”

“मग तिथेच झोपवा.”

“माझ्याशिवाय डोळा लागत नाही त्याचा.”

डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या. नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला.

“मीच जाते तिकडे,” वहिनी अखेर म्हणाली. “आईंना मोठी खोली देऊ. हे झोपतील दिवाणखान्यात.”

“खाट मात्र आईबरोबर जाईल. तिला सवयीची आहे.”

“जाऊ दे. खाली झोपेन. एखादी गादी टाकली तर चालेल ना?”

डॉक्टरीणबाईंनी अहवालावर सावकाश सही केली.

“गादी कशाला, वहिनी? धूळ साठते.”