गुलाबी पाण्यातला अहंकार

सकाळी साडेसहाला छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये चाळीस माणसं मांडी घालून चिंतनाला बसायची. प्रत्येकापुढे काचेचा एक ग्लास, ग्लासात गुलाबी पाणी, पाण्यात नळी. त्या गुलाबी रंगाला तिथं अहंकार म्हणत.

समोर, दोन उशा रचून केलेल्या आसनावर, निवळदादा. त्यांचं खरं नाव कोणी विचारलं नव्हतं. पाणी निवळून दाखवतात म्हणून निवळदादा, एवढी ओळख सगळ्यांना पुरली. आवाज असा की ऐकणाऱ्याला जांभईही येऊ नये आणि जागही राहू नये.

"कालपासून किती वेळा 'मी' म्हणालात ते आठवा. मी केलं. मी कमावलं. मी तेव्हाच सांगितलं होतं. तो 'मी' आता नळीतून सोडा. घशातून नको, पोटातून सोडा. तो गेला की आत जागा होते, आणि त्या जागेत प्रेम येऊन बसतं."

म्हणजे हे दैवी प्रेम भाडेकरूसारखं. आधीचं बिऱ्हाड हलल्याशिवाय यायचं नाही.

मग चाळीस माणसं फुंकायची. बुडबुडे, खोकले, मधेच कोणाचं तरी हसू. आणि मिनिटा-दोन मिनिटांत एकेका ग्लासातला गुलाबी रंग फिका होत होत नाहीसा व्हायचा. पाणी अगदी आरपार. लोक रडायचे, शेजाऱ्याचा हात धरायचे.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मीही रडले. तीन आठवडे झोप नव्हती. मुलगी सहा वर्षांची, तिला दमा, आणि मी तिच्या छातीवर नजर ठेवून श्वास मोजणारी बाई. माझ्या पाण्याचा रंग गेला तेव्हा वाटलं, खरंच काहीतरी खांद्यावरून उतरलं. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं होतं ते ग्लासातलं.

पण ते कळायला वेळ लागला. खटकत मात्र आधीपासून होतं. हॉलमध्ये सगळ्यात लवकर अहंकार जायचा तो बँडवाल्याचा. लग्नात-मिरवणुकीत ट्रम्पेट वाजवणारा माणूस, छाती पिंपासारखी. चार फुंकरांत पाणी साफ. दादांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं, नम्रतेचा नमुना म्हणून. हा नमुना रोज जिन्यात भेटेल त्याला सांगायचा, "आपल्यासारखा नम्र माणूस या हॉलमध्ये दुसरा नाही." उलट निवृत्त मास्तर, कोणाला वाट द्यायची तर भिंतीला चिकटणारे, त्यांचं पाणी फुंकून फुंकून चक्कर आली तरी गुलाबीच. दादा म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं पोरांवर हुकूम चालवलात. तो मुरलाय." बिचारे घरी जाऊन बायकोची माफी मागायला लागले. रोज.

आमच्या घरात दादा आणले सासूबाईंनी. त्या वाईट नाहीत, हे आधीच सांगते. नातीसाठी जीव टाकतात. मुंगीला (आम्ही मुलीला मुंगी म्हणतो, ती एका जागी कधी बसत नाही) रोज सकाळ-संध्याकाळ दम्याचा पंप ओढायला लावायचा, तिला बरं वाटत असलं तरी, हे डॉक्टरांचं सांगणं त्यांना कधी पटलं नव्हतं. "बरी आहे तर औषध कशाला, अगं? सवय लागेल." मी समजावायचे, त्या मान हलवायच्या आणि मनातलं मनात ठेवायच्या.

एका सकाळी त्यांनी मुंगीला हॉलमध्ये नेलं. मुंगीने फुंकलं. तिची फुंकर ती केवढीशी. पाणी गुलाबीच राहिलं. दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसले.

"हा लेकराचा नाही, आईचा 'मी' आहे. माझं मूल, माझी काळजी, माझं औषध. तो हिच्या छातीत अडकलाय. ताई, औषधावर भरवसा म्हणजे प्रेमावर अविश्वास. एकवीस दिवस सोडून बघा."

हॉलच्या कोपऱ्यात समर्पणाची पेटी होती. ज्या वस्तूवर तुम्ही विसंबून आहात ती त्यात टाकायची. आत चष्मे होते, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, गुडघ्याचा पट्टा होता. एका गृहस्थांनी कानातलं यंत्र टाकलं होतं. त्यानंतर त्यांना दादांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण सगळ्यात शांत चेहरा त्यांचाच. सासूबाईंनी मुंगीचा पंप त्या पेटीत टाकला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चप्पल शोधत होता.

मी दुसरा पंप आणला. रवाळ पिठाच्या डब्यात लपवला आणि सकाळ-संध्याकाळ न्हाणीघरात, नळ सोडून, मुंगीला द्यायला लागले. आठवडाभर चाललं. मग रविवारी दादांनी मुलांकडून सगळ्यांपुढे, मोठ्याने चिंतन करून घेतलं. मुंगी उभी राहिली, हात मागे बांधले आणि खणखणीत म्हणाली, "माझी आई मला न्हाणीघरात पंप देते. आणि आजीला सांगू नको म्हणते."

चाळीस जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पेटीत दुसरा पंप गेला.

तिसरा आणणं कठीण नव्हतं, आणलाही. पण त्या दिवशी न्हाणीघरात मुंगीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मला नको."

"दोनदाच, सोन्या."

"नको. पंप घेतला की माझं पाणी गुलाबी राहतं. मग देव येत नाही. जागा नसते."

मी हात जोडले, रागावले, चॉकलेट कबूल केलं. ओठ उघडले नाहीत. सहा वर्षांच्या पोरीला औषध जबरदस्तीने गिळवता येईल एखादवेळ, पण पंप तिने स्वतः आत ओढावा लागतो. माझ्या वहीत श्वासांचे आकडे चढायला लागले. मिनिटाला चोवीस होते ते अठ्ठावीसवर गेले. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबू लागली.

"अजून आठवडाभर बघू," नवरा म्हणाला. "आईचं मन मोडायला नको."

"आणि हिची छाती?"

तो टॉवेल घेऊन अंघोळीला गेला.

अशात माझी ग्लास धुण्याची पाळी आली. चिंतन संपलं की एकेक बाई पाळीने ग्लास धुवायची. बाकीच्या ते बादलीत बुचकळून पालथे घालायच्या. मला ते जमेना. चाळीस तोंडांचे ग्लास, त्यात अर्धे खोकणारे, आणि उद्या त्यातला एक माझ्या पोरीच्या तोंडाशी. मी घरून व्हिनेगरची मोठी बाटली नेली, टबात ओतली, प्रत्येक ग्लास त्यात बुडवून आतून बोटाने घासला आणि तसाच पालथा घातला. नळाच्या पाण्याने पुन्हा धुतले नाहीत. त्या नळावरही माझा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादांच्या मदतनीस बाईंनी नेहमीच्या दोन जगांतून, मास्तरांना दुसऱ्यातून, पाणी ओतायला सुरुवात केली. जगमध्ये गुलाबी, धारेत गुलाबी, ग्लासात पडलं की बिनरंगाचं. पहिला ग्लास, दुसरा, पाचवा. कोणी नळीला तोंड लावलं नव्हतं. कोणी 'मी' आठवला नव्हता. सगळ्या हॉलचा अहंकार बसल्या जागी खलास.

बँडवाला नळी हातात धरून म्हणाला, "दादा, मग मी आता काय करू?"

दादांचा चेहरा उतरला. मग हात उंचावले. "आज कृपा आपल्याआधी येऊन बसली आहे."

हॉल हुंदक्यांनी भरला. मास्तरांनी तर पहिल्यांदाच आपलं पाणी स्वच्छ पाहिलं. ते ग्लासाला नमस्कार करत होते. आणि त्या गोंधळात दादा उशांवरून उतरले, माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, काल ग्लास कशाने धुतलेत?"

मी म्हटलं, "का?"

"नाही, सहज. उद्यापासून तुम्ही राहू द्या."

कृपा आली असं ज्याला खरंच वाटतं, तो भांडी कशाने घासली ते विचारत नाही.

घरी येईपर्यंत मला आठवलं. अकरावी-बारावीला प्रयोगशाळेत आम्ही उभ्याने तास काढायचो. चंचुपात्रात गुलाबी द्रव, वरून थेंबथेंब आम्ल सोडायचं, आणि एका थेंबाला रंग गायब. तो थेंब चुकला की मॅडम वही फेकायच्या. फिनॉल्फ्थॅलीन. रोज डोळ्यांसमोर असून मला ओळखू आलं नव्हतं, कारण ते प्रयोगशाळेत नव्हतं, उशांपुढे होतं.

शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून बाटली आणली. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, त्यात दोन थेंब. ओट्यावर अहंकार तयार. नळीने फुंकलं, गेला. नवरा दाढी अर्धवट टाकून बघत होता.

"मला वाटतच होतं काहीतरी असणार," तो म्हणाला.

"वाटत होतं, तर पंप पेटीत का जाऊ दिलास?"

त्याने गालावरचा फेस पुसून टाकला. मग म्हणाला, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. तिथून तिला थेट डॉक्टरकडे नेऊ."

दुसऱ्या दिवशी 'अनुभव सांगा' म्हटल्यावर मी उठले. कापडी पिशवीतून सोडावॉटरची बाटली काढली आणि मुंगीपुढच्या गुलाबी ग्लासात ओतली. तिने फुंकलं नव्हतं. मीही नाही. रंग गेला.

"दादा, या बाटलीने कोणता अहंकार सोडला?"

"ताई, तुमचा हेतू..."

"थांबा, परत आणते." मी धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकून ढवळलं. पुन्हा गुलाबी. "आता व्हिनेगरने घालवते." गेला. "परवाची कृपाही हीच. ग्लास मी व्हिनेगरने धुतले होते."

मी सांगितलं, जमेल तेवढं सोपं. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकलेलं आहे, सोड्यासारखं काही असलं की ते गुलाबी दिसतं. आंबट काही मिसळलं की रंग जातो. आपण श्वास सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो पाण्यात विरघळून किंचित आम्ल होतो. सोडावॉटरच्या बुडबुड्यांत तोच असतो. ज्याची छाती मोठी, त्याचा रंग लवकर जातो. ज्याची लहान, त्याचा उशिरा. मदतनीस बाईंच्या हातात जगही दोन आहेत. दुसऱ्यात सोडा जास्त असणार. ज्याला ताब्यात ठेवायचं त्याला त्यातलं पाणी.

मदतनीस बाईंनी एक जग पदराआड घेतला. तेवढं पुरे झालं.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे माझ्यात अहंकार नव्हता? श्वास कमी होता?"

"हो, काका."

"आणि मी तेवीस दिवस हिची माफी मागतोय."

"ती परत घेऊ नका," त्यांची बायको म्हणाली. "दोन-तीन बरोबर होत्या."

दादांचा आवाज मात्र अजून मधाळच. "विज्ञान काय, रसायन काय, सगळी त्याचीच माध्यमं. आम्ही कुठं नाही म्हणतो?"

"माध्यम होतं, तर परवा तुमचा चेहरा का उतरला?" हे बँडवाल्याने विचारलं. सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच झालं होतं. त्याचं नम्रतेतलं पहिलं बक्षीस गेलं होतं.

दादा उशा ठीकठाक करू लागले.

मुंगीने माझ्या हातातली बाटली घेतली आणि स्वतः ओतून पाहिली. शेजारच्या ग्लासात, मग त्याच्या शेजारच्या. मग मान वर करून विचारलं, "मग देव कुठून येतो?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण पंपाने त्याचं अडत नाही, एवढं नक्की."

तिने बाटली खाली ठेवली. श्वास घेताना तिच्या गळ्याखालचा खळगा आत जात होता.

सासूबाई उठल्या. कोणाशी न बोलता कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि लोकांचे चष्मे, पट्टे बाजूला करत दोन्ही पंप शोधून काढले. पदराने पुसले. परत येऊन माझ्यापुढे धरले.

"कसा देतात ते मला नीट दाखव. किती वेळा, कधी, सगळं. तू नसशील तेव्हा मला देता आला पाहिजे."

मी दाखवलं. मुंगीने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं.

तिथून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर रागावले, तपासलं, वाफ दिली, म्हणाले वेळेवर आणलीत. बोलणी सासूबाईंनी खाल्ली, मान वर करून.

दादा दुसरीकडे हॉल शोधतीलच. रंग बदलेल, ग्लासाच्या जागी दिवा येईल, राख येईल. म्हणून हे लिहिते आहे. 'मी' कमी करावा, माणसांवर प्रेम करावं, रोज सकाळी चार घटका आपल्या वागण्याचा विचार करावा, यात वाईट काही नाही. त्याला ग्लास लागत नाही आणि फीत लावून मोजणारा तर मुळीच लागत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा. ज्या गोष्टीने तो घडतो असं सांगतात, ती गोष्ट काढून घ्या आणि तरी घडतो का बघा. आमच्याकडे फुंकर काढून घेतली, ती चुकून, पण घेतली. बघू देत नसतील तर तिथंच उठा. आणि बघून होईपर्यंत कोणाचंही औषध बंद करू नका.