परबांच्या घरातला वास

"दीप्ती, मच्छी कोणी आणली घरात?"

दशरथ परब फ्रीजमध्ये डोकं घालून विचारत होते. त्यांची सून दीप्ती ऑफिसच्या घाईत केस विंचरत होती.

"कोणी नाही बाबा. आत दुधीची भाजी आहे, तिचा वास घ्या."

"माझं नाक मला फसवणार नाही."

परबांनी एकेक डबा उघडला, ओट्याखालची बादली बघितली, मग दीप्तीचा टिफिन. त्यात पोळीभाजी होती. पोळी उलटून बघायलाही ते विसरले नाहीत.

परबांची सगळी नोकरी मुलुंडच्या जकात नाक्यावर झाली. कांद्याच्या गोण्यांखाली दडवलेला माल ताडपत्री न सोडता वासावरून ओळखायचो, असं ते स्वतःच सांगत. जकात बंद झाली, परब रिटायर झाले, सवय मात्र सुटली नाही. दूधवाला, वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळेच त्यांच्या लेखी काहीतरी लपवून नेणारे. फक्त नलिनीबाईंवर त्यांनी कधी संशय घेतला नाही. बायको पुढ्यात ठेवेल ते न बघता खायचं, हा त्यांचा जन्माचा रिवाज.

या घरात मच्छी हा साधा विषय नव्हता. परब मालवणकडचे, बांगड्याशिवाय घास न उतरणारे. काही वर्षांपूर्वी नलिनीबाईंच्या फुप्फुसात पाणी झालं आणि डॉक्टरही काही सांगेनात, तेव्हा परब हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून विठ्ठलाला म्हणाले, हिला घरी येऊ दे, मी माळ घालतो. त्या घरी आल्या. परबांनी तुळशीची माळ घातली आणि मासे सुटले. माळ आहे तोवर ही आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही.

विठ्ठलाशी बोलणं झालं तेव्हा गुडघ्यांचा विषय मात्र राहून गेला. संधिवाताने ते इतके धरले की तिसऱ्या मजल्यावरून खाली हॉलमध्ये एकादशीच्या भजनाला जाणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, औषधाच्या जोडीला जवसाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊन बघा, काहींना थोडा आराम पडतो, काहींना काही नाही. परबांनी अर्थातच जवस सांगितलं. पहिल्या बाटलीने काही झालं नाही. अलीकडे मात्र गुडघे जरा ऐकायला लागले होते.

त्या संध्याकाळी परब कठडा धरून भजनाला उतरले. किती दिवसांनी मांडी घालून बसले. दुसऱ्या अभंगाला त्यांना ढेकर आला. शेजारी झांजा वाजवणारा सीताराम थोडा सरकला आणि कानात म्हणाला, "काय परब, एकादशीला बांगडे?"

सगळं घर तपासलं होतं, स्वतःचं तोंड तेवढं राहिलं होतं.

परब उठून घरी आले. जवसाची बाटली उघडली आणि एका कॅप्सूलला सेफ्टी पिन टोचली. तळहातावर पिवळा थेंब आला. त्यांनी वास घेतला. तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

नलिनीबाई शेंगदाणे सोलत होत्या. परबांनी तळहात त्यांच्यापुढे धरला.

"काय आहे हे?"

"माशाचं तेल," नलिनीबाई म्हणाल्या.

"माका फसयलंस?"

"जवसाने काही होत नव्हतं. झोपेत कूस बदलताना कण्हायचात. दीप्तीला मीच आणायला लावलं, जुन्या बाटलीत भरलं. उतरलात ना आज जिना?"

"माळ तुझ्यासाठी होती गो."

"ठाऊक आहे मला. मग जगले ना मी? आता काय धाड भरलीय मला?"

"असं बोलू नको."

ते इतक्या हळू म्हणाले की नलिनीबाईंचे हात थांबले. नवरा चिडेल अशी त्यांची तयारी होती. तो घाबरेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाटली दीप्तीने आपल्या आईला दिली. परबांनी भजनाच्या बुवांकडून माळ पुन्हा घालून घेतली. महिना सरता सरता गुडघे परत धरले. ते कॅप्सूल सुटल्यामुळे, की थंडीमुळे, कोण सांगणार? आणि परब जेवायच्या आधी ताटाचा वास घ्यायला लागले. नलिनीबाईंना ते फार लागलं. मग त्या स्वतःच वाटी त्यांच्या नाकाखाली धरायच्या. "घ्या, बघून घ्या."

एका दुपारी त्यांनी अशीच जवसाची चटणी पुढे धरली. परबांनी त्यांचा हात बाजूला केला.

"पुरे ते," म्हणाले, आणि चटणी भाकरीला लावून वास न घेता तोंडात टाकली. नलिनीबाई आत गेल्या.

थोड्या वेळाने आतून खोकल्याचा आवाज आला. परबांचा घास तोंडातच थांबला. पुन्हा खोकला.

"मिरचीचा ठसका हो," नलिनीबाई आतून म्हणाल्या. "जेवा तुम्ही."

परबांनी ताट सरकवलं. भिंतीला हात लावला, एक गुडघा उचलला, मग कण्हत दुसरा, आणि आत जाऊन स्वतः बघून आले.