पुतळ्याच्या खांद्यावरची लाल रिबीन

मित्रांनो, मी शिवणकामाच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. डोकं नाही, हात नाहीत, पायाच्या जागी एक लोखंडी दांडा. राग मात्र भरपूर आहे. कुठे ठेवलाय विचारू नका. पोटात कापूस आहे, त्यातच असेल.

कारखान्यात माझ्यासारखी ढीगभर भावंडं होती. ती मोठ्या दुकानांत काचेमागे उभी राहून मिरवतात. मी आलो मास्तरणीकडे, म्हणजे कपडे शिवणाऱ्या आमच्या बाईंकडे. जिन्याखालची खोली, दोन मशिनी, एक कुरकुरणारा पंखा. ज्यांना तयार कपडे बसत नाहीत, त्यांचे कपडे ती शिवते. कुणाचा एक खांदा खाली, कुणाची पाठ वाकलेली, कुणी चाकाच्या खुर्चीत. माप आलं की ती माझ्यावर कापसाच्या पट्ट्या गुंडाळते, कापडाचा हात टाचते, आणि मी तोच माणूस बनतो. काचेमागच्या भावंडांना जमेल का हे? हॅट!

अशी गिऱ्हाईकं लांब लांब राहतात, त्यांना येणं झेपत नाही. म्हणून मास्तरणीने नेटवर दुकानाचं पान काढलं. त्यावर गिऱ्हाईक मला कॅमेऱ्यातून घरबसल्या थेट बघायचं आणि सांगायचं, "इथे सैल करा, तिथे आवळा." आमचं छान चाललं होतं. लोक म्हणायचे, "पुतळा आहे की माझा जुळा भाऊ?" मी आतल्या आत फुगायचो.

मग एक गाणं शिकवणारी बाई आली. म्हणजे पानावर आली. तिचा डावा हात उजव्यापेक्षा आखूड. मोठ्या शाळेत नोकरीची मुलाखत होती, त्यासाठी कोट हवा होता. मास्तरणीने बाही कोपराच्या जरा खाली टाचून दाखवली. मग तिलाच ती तोकडी वाटली, म्हणून टाचणी मनगटापर्यंत खाली आणली, पुन्हा वर नेली, आणि विचारलं, "कुठली ठेवू? ही?"

"हीच! अगदी हीच!" बाई म्हणाली.

मास्तरणीने कात्री चालवली. कोट पोचला आणि बाईचा फोन आला. आवाज असा चढलेला, की मशीनपण दचकली असेल.

"मी मनगटापर्यंतची म्हटलं होतं! दाखवता एक, शिवता एक? मुलाखतीला अशी जाऊ मी?"

बाही लांब करायला कापडच उरलं नव्हतं. मास्तरणीने नवा कोट फुकट शिवायचं कबूल केलं, पण बाईचा विश्वास गेला तो गेलाच. त्याच महिन्यात आणखी गिऱ्हाईकं अशीच तुटली. जिन्याखालची खोली सोडायची बोलणी सुरू झाली.

मास्तरणीचे सासरे दुकानात काज-बटणं करतात. ते माझ्याकडे बघत बसले होते. एकदम म्हणाले, "सूनबाई, आवाज पोचतोय, पण चित्र मागेच अडकत असेल तर?"

"बाबा, अडकलं तर कळेल ना त्यांना."

"कसं कळेल? हा ठोंब्या हलतो कुठे? चालू असला काय नि बंद असला काय, दिसायला सारखाच!"

ठोंब्या म्हणाले मला! पण बरोबर होतं ते. मास्तरणीने माझ्या खांद्याला लाल रिबीन बांधली, गाणंवालीला पुन्हा पानावर यायची विनंती केली आणि ती आल्यावर पंखा सोडला.

"ताई, रिबीन हलतेय का?"

"नाही. गप्प लटकलीय."

इथे ती माझ्या मानेवर फडफड आपटत होती!

मास्तरणीने नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमच्या भागात नवीन योजनेची चाचणी आहे. जे जास्त भरतात त्यांची पानं आधी. तुमचं साधं पान, ते मागून."

मित्रांनो, नियम असा होता, की तारेतून जाणारं सगळं सारखं. मोठ्याचं असो की छोट्याचं, कंपनीने कुणाला पुढे ढकलायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. त्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. तो नियम आमच्या भागात चाचणीपुरता उठवला होता, आणि कायमचा उठवायचा का, यावर सुनावणी होती.

"जायचं," मास्तरीण म्हणाली. "आणि ह्याला घेऊन जायचं."

सासऱ्यांनी दांडा धरला, तिने कंबर. रस्ताभर लोक हसले. हसू देत. सुनावणीच्या हॉलमध्ये गाणंवालीही आली होती, तोच आखूड बाहीचा कोट घालून! मास्तरणीशेजारी बसत ती पुटपुटली, "तुमच्यावर उगाच ओरडले हो मी."

मला पंख्यापुढे उभं केलं, समोर कॅमेरा लावला. मास्तरीण सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षबाईंना म्हणाली, "आमचं पान उघडा."

पान उघडलं, तसा सासऱ्यांनी पंखा सोडला. अध्यक्षबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. इथे रिबीन फडफडत होती. तिथे लटकलेली.

कंपनीवाला उठला. "हॉलमधलं नेट खराब असेल."

"मग त्याच फोनवर मोठ्या दुकानाचं थेट दाखवणं लावा," मास्तरीण म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

लावलं. तिथली मॉडेल टकाटक चालत आली, गिरकी घेऊन परत गेली. कंपनीवाला खाली बसला. गाणंवालीने बाही पुढे केली. "हे बघा. हे तुमच्या चाचणीचं माप."

आमच्या भागातली चाचणी बंद झाली. खोली सुटली नाही. गाणंवालीच्या नव्या कोटाची बाही मनगटापर्यंत आहे, मी स्वतः घालून बघितलीय. नियमाचा कायमचा निकाल मात्र अजून लागायचाय, पुन्हा सुनावणी आहे. मास्तरणीने माझ्या दांड्याचा स्क्रू आवळून ठेवलाय. पुन्हा बोलावलं, पुन्हा जाऊ.

तोवर माझं एक ऐका, मित्रांनो. एखादं छोटं दुकान तुमच्या फोनवर अडकलं, तर "भंगार आहे" म्हणून लगेच पुढे जाऊ नका. त्याला कुणी अडवलंय का, ते विचारा. मोठ्याने विचारा. पलीकडे कुणीतरी पंखा सोडून, रिबीन बांधून, तुमची वाट बघत उभं असेल.

मी तर उभाच आहे.