मेबलच्या शेपटीतला रडका डबा

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. लगेच माना वर करून आभाळात शोधू नका, मी तिथे नाही! मोंटानातल्या डनली गावात धावपट्टीच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात, डाव्या चाकातली हवा गेल्यामुळे जराशी कलून, मी उभी आहे. नाव मेबल. आता नावच बाईचे दिल्यावर मी स्वतःला 'ती' समजणार, नाही का?

माझा जन्म १९६७ सालचा, कॅन्सासच्या कारखान्यातला. चार खुर्च्या, एक इंजिन आणि छपरासारखे वर बसवलेले पंख. आधी मी एका गव्हाच्या व्यापाऱ्याकडे होते. त्याला माझा दोन वर्षांत कंटाळा आला. मग मला स्वयंसेवकांच्या हवाई दलाने घेतले, कारण माझे पंख वर आहेत आणि खिडकीतून खालची जमीन स्वच्छ दिसते. आणि खाली बघणे हेच तर त्यांचे काम!

हे दल म्हणजे सैन्य नव्हे, पोलीसही नव्हे. गणवेश आहे, पगार नाही. कुणी हरवले, कुठे पूर आला, लांबच्या दवाखान्यात रक्ताची पिशवी पोहोचवायची असली, की हातातले काम टाकून ही मंडळी माझ्याकडे धावत येत. गावातले टवाळ त्यांना 'रविवारचे वैमानिक' म्हणून चिडवत. आणि स्वतःचा भाऊबंद शिकारीला जाऊन परतला नाही की हेच टवाळ टोपी हातात धरून शेडच्या दाराशी उभे!

माझी पायलट व्हर्ना हाल्डॉरसन. पोटासाठी ती शाळेची बस चालवायची. तिच्या शेजारी नकाशा धरून बसायचा ऑरिन टकेट, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाचा मालक. आणि मागे, खिडकीला नाक लावून, ल्यूपे आर्चुलेटा. ती शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचा राजमा निवडायची आणि तिच्या नजरेतून खडा कधी सुटला नव्हता. वरून माणूस शोधणे तिला तसेच वाटायचे.

आता माझ्या शेपटीतल्या पाहुण्याविषयी सांगते. तिथे एक नारिंगी डबा बसवलेला असतो. विमान आपटले की तो आपोआप रेडिओवर रडू लागतो. 'ऊंऽऽव, ऊंऽऽव, ऊंऽऽव!' आभाळातले उपग्रह ते रडणे ऐकतात, आमच्या दलाला फोन येतो आणि आम्ही निघतो. पण हा डबा फार हळवा! विमान जरा जोरात टेकले तरी गळा काढतो. दहातल्या नऊ वेळा आम्ही मैलोन्‌मैल जाऊन बघावे, तर कुणाच्या तरी शेडमध्ये विमान सुखरूप उभे आणि मालक घरी जेवतोय. एकदा तर एक रडका डबा कचऱ्याच्या ढिगात सापडला होता.

म्हणून आमच्यात एक रीत होती. उतरलो की इंजिन बंद करण्याआधी रेडिओ संकटाच्या लहरीवर लावायचा आणि मनात दहापर्यंत मोजत ऐकायचे. आपलाच डबा तर रडत नाही ना? चौदा वर्षांत व्हर्नाने ही रीत एकदाही मोडली नव्हती.

मोडली ती एकदाच. तो दिवस आठवला की अजूनही माझे पत्रे थरथरतात.

ऑक्टोबर १९९३. शुक्रवारची सकाळ. शेडमधला फोन वाजला. गुरांचे डॉक्टर एमेट क्योस आदल्या दुपारी आपल्या दोन खुर्च्यांच्या विमानातून डोंगरापलीकडे झेला प्रूएटच्या गुरांच्या वाड्यावर गेले होते, ते परतलेच नव्हते. पहाटे उपग्रहाने डोंगरात एक डबा पुसट रडताना ऐकला होता. 'ह्या वीस किलोमीटरच्या टप्प्यात कुठेतरी,' इतकेच कळले होते. आणि दुपारनंतर बर्फ येणार होता.

एमेट व्हर्नाचा धाकटा भाऊ.

फोनवरच्या लांबच्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे विचारले, "तुमच्यापैकी कुणाच्या नात्यातला नाही ना तो?"

"साहेब, डनलीत सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात," व्हर्ना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ऑरिन हळूच म्हणाला, "व्हर्ना, नियम उगाच केलेला नाही. भावाच्या मागे गेलीस तर डोकं ठिकाणावर राहत नाही माणसाचं."

"मग काढ की खिशातून दुसरा पायलट! उरला बॉईड, त्याचं अपेंडिक्स मंगळवारीच कापलंय. टाके धरून उडवू दे का त्याला?"

दुर्बीण गळ्यात अडकवून ल्यूपे आपली मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

डोंगर ओलांडून आम्ही आधी झेलाच्या वाड्याकडे गेलो. डॉक्टर कुठल्या वाटेने परत निघाले, हे तिलाच ठाऊक असणार होते. गवताची आखूड पट्टी, आडवा वारा, आणि व्हर्नाची घाई. मी धाडकन आपटले! ऑरिनच्या मांडीवरचा नकाशा उडून ल्यूपेच्या डोक्यावर पडला.

"हे विमान आहे बाई, बटाट्यांचं पोतं नाही!" ल्यूपे ओरडली.

आणि त्याच क्षणी माझ्या शेपटीत काहीतरी 'टक्' झाले. डबा जागा झाला होता.

ऐक गं व्हर्ना, मी मनातल्या मनात ओरडले. रेडिओ फिरव. दहापर्यंत मोज!

पण तिने इंजिन बंदच केले नाही, मग रीत कसली आठवणार! ऑरिन उडी मारून पळाला. झेला दुधाची बादली हातात घेऊन कुंपणाशी उभीच होती.

"खिंडीत ढग आहे म्हणाला!" ती ओरडून सांगत होती. "डोंगराच्या उत्तरेकडच्या सोंडेवरून वळसा घालतो म्हणाला! मी म्हटलं, जेवून जा, आज मटणाचा रस्सा आहे. तर म्हणे बहिणीला आवडत नाही उशीर झालेला!"

हे ऐकून व्हर्नाचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

दोन मिनिटांत आम्ही पुन्हा वर. आता तिने रेडिओ संकटाच्या लहरीवर लावला आणि आत एकच कल्लोळ झाला. 'ऊंऽऽव! ऊंऽऽव! ऊंऽऽव!'

"सापडला!" व्हर्ना किंचाळली. "ऐका, ऐका, केवढा जवळ आहे!"

मित्रांनो, ते माझेच रडणे होते! मला सगळे ठाऊक होते, पण विमानाला जीभ नसते. इंजिन घरघरवता येते, तेही दुसऱ्याने चावी दिली तर. एमेट कुठेतरी पडलेला, त्याचा डबा क्षीण होत चाललेला, आणि मी त्याच्या हाकेवर आपला गळा ताणून ती बुडवत होते. ह्याच्याइतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

एक दरी झाली. दुसरी झाली. आवाज तसाच, कानठळ्या बसवणारा. दिशा दाखवणारा काटा मध्येच थरथरत उभा, इकडे नाही की तिकडे नाही.

"दऱ्यांमधून घुमतोय आवाज," ऑरिन म्हणाला. "इथेच असणार."

"इथेच तर फिरतोय अर्धा तास! झाडन्‌झाड बघितलं!" व्हर्नाचा आवाज चिरकला. "ल्यूपे, तू बघतेयस ना नीट? की झोपलीस?"

"मी बघतेच आहे. तू उडव."

शिखरांवरचे ढग हळूहळू खाली उतरत होते. इंधनाचे काटेही खाली. माझ्या काचेवर बर्फाचे पहिले दाणे टकटक वाजले आणि ऑरिनने घड्याळाकडे पाहून नुसताच घसा खाकरला. परत फिरूया, हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

"पंखाची सावली घेते," व्हर्ना म्हणाली.

ही आमची जुनी युक्ती. माझी ऐकणारी काडी पंखावर आहे. एका जागी कलून गोल फिरले की एका क्षणी पंख त्या काडीच्या आणि रडणाऱ्या डब्याच्या मध्ये येतो आणि आवाज एकदम मंद होतो. जिकडे मंद झाला, तिकडेच डबा. मी कलले. एक पूर्ण गिरकी झाली. आवाज जराही मंदावला नाही. दुसरी गिरकी. नाही!

"हे काय भलतंच?" ऑरिन पुटपुटला.

मागून ल्यूपे शांतपणे म्हणाली, "व्हर्ना, सावली पडत नाहीये."

"दिसतंय मला!"

"अगं, मग तो सगळीकडे आहे. सगळीकडे एकच जण असू शकतो." ल्यूपेने मान वळवून माझ्या शेपटीकडे पाहिले. "आपण. झेलाकडे उतरल्यावर ऐकलं होतंस?"

फक्त मी रडत होते, ऊंऽऽव, ऊंऽऽव.

व्हर्नाने गिरकी थांबवून मला सरळ केले. "नाही," ती म्हणाली. "नाही ऐकलं."

डब्याचे बटण त्या काळी डब्यावरच असायचे, म्हणजे शेपटीत. वर असताना तिथे हात पोहोचणे शक्य नव्हते. झेलाची पट्टी दहा मिनिटांवर. जायला दहा, यायला दहा, आणि बर्फ तर आलाच होता. ऑरिनने आकडेमोड करून सांगितले, "परत येऊन जेमतेम वीस मिनिटं शोधता येईल. त्यानंतर घर."

"वीस तर वीस," व्हर्ना म्हणाली.

ह्या वेळी तिने मला कापसावर ठेवावे तसे टेकवले. ऑरिन शेपटीकडे गेला, झाकण उघडले आणि डब्याचे बटण दाबले. इंजिन चालूच होते, पण व्हर्नाने रेडिओ लावला आणि मोठ्याने मोजले. "एक, दोन, तीन..." दहापर्यंत. आत काहीच नाही. फक्त खरखर.

सोंडेवर परत पोहोचलो तेव्हा ढग माझ्या पंखांना पुसत होता. रेडिओत खरखरच. ऑरिनने डोळे मिटले होते. ल्यूपेचे नाक काचेला. एमेटचा डबा मघाशी मी रडत असतानाच संपला असेल तर?

आणि मग, खरखरीच्या तळातून, मांजराच्या पिल्लासारखे. ऊंऽ... ऊंऽ...

व्हर्नाने मला कलवले. गिरकी अर्धी झाली आणि आवाज मंदावला. सावली पडली! तिकडे वळलो. उतारावर नुसती काळी झाडे आणि त्यांच्यावर पडणारा बर्फ. एक फेरी. दुसरी. सोळा मिनिटे झाली.

"हात!" ल्यूपे एकदम ओरडली. "कुणीतरी हात हलवतंय! केशरी हात! लांबच लांब, अरे देवा, माणसाचे एवढे लांब हात कसे?"

ऑरिन दुर्बिणीतून बघून हसायलाच लागला, रडत रडत. गाईच्या पोटातले वासरू तपासताना डॉक्टर खांद्यापर्यंत येणारे केशरी हातमोजे घालतात ना, ते होते. एमेटने खोक्यातले सगळे हातमोजे एका रोपट्याला बांधले होते आणि ती दहा-बारा लांब बोटे वाऱ्यावर आम्हाला बोलावत होती. रोपट्याखाली एक माणूस, पाय विचित्र वळलेला, पण मान वर केलेला.

व्हर्नाने मला त्याच्या डोक्यावरून नेत दोन्ही पंख हलवले. मग ती रेडिओवर ठिकाण सांगू लागली, एकेक आकडा सावकाश, आणि फक्त शेवटच्या आकड्यावर तिचा आवाज फुटला. तासाभरात हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेले. तिघे घरी परतले तेव्हा माझ्या टाकीत चहाच्या किटलीत मावेल एवढेच इंधन होते.

दवाखान्यात एमेट म्हणाला म्हणे, "सकाळी दोनदा डोक्यावरून गेलीस. मला वाटलं, उशीर झाला म्हणून अजून रागावलेली आहेस."

गावाने आमचा सत्कार केला, शाळेत केक कापला. व्हर्ना केकला शिवली नाही. अहवालात तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'नातं लपवलं. उतरल्यावर ऐकलं नाही. दोन्ही चुका माझ्या.' एक महिना ती उडाली नाही. परतली तेव्हा तिने माझ्या काट्यांखाली एक पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, 'आधी आपलं ऐक.'

त्यालाही आता तीस वर्षे झाली. दलाकडे नवी विमाने आली, त्यांचे डबे थेट उपग्रहाला आपले नावगाव सांगतात. मला भागांसाठी विकायची बोलणी चालली आहेत. ऑरिन गेला. ल्यूपे मुलीकडे ॲरिझोनात राहते. व्हर्ना मात्र अठ्ठ्याऐंशीची असूनही दर शनिवारी काठी टेकत येते, माझ्या खुर्चीत बसते, बटण दाबते, रेडिओ त्याच लहरीवर लावते आणि दहापर्यंत मोजते. "छान," म्हणते. "कुणी रडत नाही." माझ्या दारावर थोपटते आणि जाते.

पण मित्रांनो, मागच्या शनिवारी तिने बटण दाबले तेव्हा दिवाच लागला नाही. माझी बॅटरी संपली आहे. तिला आता नीट दिसत नाही. तिने दहापर्यंत मोजले, म्हणाली, "छान. कुणी रडत नाही," आणि निघून गेली. रेडिओ तर बंद होता!

तेव्हापासून मला चैन नाही. मला नवा रंग नको, हारतुरे नकोत. भाग काढायचे तर खुशाल काढा. पण त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी एक बॅटरी घेऊन या. शनिवारच्या आत. म्हणजे तिने मोजल्यावर जी शांतता येईल, ती खरी असेल.