चौदा भाज्यांची जुडी

“माती हाय का चुलीतली राख? काळीशार म्हनून कायच न्हाई,” आत्याबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

बजबज स्टेशनाच्या बाहेर सकाळी खेड्यातल्या बाया टोपल्या घेऊन बसतात. शेतातून उपटलेली भाजी, मुळ्यांना अजून ओली करडी माती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकेक जुडी उचलून हुंगत होत्या. यंदा श्रावणात रघुनाथनं, माझ्या नवऱ्यानं, त्यांना गावाहून इकडं आणलं. येताना गयेला उतरून मामंजींचे पिंड दिले. तेव्हापासून बाई रोज बाजाराला येतात आणि रोज इथल्या मातीला नावं ठेवतात. मला बरं वाटतं. माणूस कुरकुरतंय म्हणजे धड आहे.

पुढं केतकी होती, माझी धाकटी जाऊ. तिला बंगाली छान येतं. “ओ माशी,” तिनं भाजीवालीला हाक मारली.

“बाईमानसाला माशी म्हनाय जीभ तरी कशी रेटती गं?”

“अहो, इकडं मावशीला माशी म्हणतात.”

“मंग माशीला काय म्हनत्यात?”

“माछी.”

“आन् माशाला?”

“माछ,” केतकी म्हणाली, आणि हसता हसता तिचं तोंड मिटलं.

आम्ही तिघीही टोपलीकडं बघायला लागलो. वर्षभरात आमच्या घरात मासा शिजलेला नाही. का ते कुणी कुणाला विचारलं नाही. गेल्या वर्षी भादव्यात भरतीच्या पाण्यात जेटीजवळ होडी उलटली. बाकीचे निघाले. दिगंबर, माझा धाकटा दीर, निघाला नाही. नदीनं त्याचं काहीच परत दिलं नाही, म्हणून आमच्या घरात तो “अजून आला नाही.” केतकी त्याच्या चपला रोज पुसते. दाराला कडी लावू देत नाही. तिचा भाऊ अजेय गुढीपाडव्यापाठोपाठ तिला न्यायला आला होता. “ते आले नि दार उघडायला मी नसले तर?” म्हणून तिनं त्याला परत लावून दिलं. आता तो भाऊबीजेला पुन्हा येणार होता. ती पुन्हा तेच म्हणणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

भाजीवालीनं एक मिसळीची जुडी पुढं केली. “चोद्दो शाक! आज भूत चोतुर्दोशी.” आज चौदा पालेभाज्या एकत्र शिजवून खायच्या, संध्याकाळी चौदा दिवे लावायचे. मग तिनं नदीकडं हात करून हलक्या आवाजात आणखी काहीतरी सांगितलं.

“काय म्हनती?” आत्याबाईंनी विचारलं.

“सणाची भाजी आहे म्हणते,” केतकी म्हणाली. एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसंच मराठी झालं. चौदा पिढ्यांची गेलेली माणसं आज घरी येतात, एवढं बंगाली तर मलाही कळतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी सुपात जुडी सोडली. इथं आल्यापासून बाईंचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. “ही म्हवरी. ह्यो शेपू. ह्यो कडूलिंब, ह्यो बी खात्यात व्हय? आन् ही आपली गुळवेल, हितं कुटनं आली गं बाई!” मग हात थबकला. खालून पिठूळ, कातरलेली पानं निघाली होती.

“चाकवत!” केतकीनं झडप घातली. “माशीकडं याची वेगळी जुडी होती, तीपण आणलीय मी. ताकातला करते. यांना किती आवडतो!”

आत्याबाईंनी सूप हळूच बाजूला सारलं.

केतकीनं चाकवत शिजवून घोटला, ताकात डाळीचं पीठ कालवून घातलं, शेंगदाणे टाकले, वरून लसणाची चरचरीत फोडणी. घरभर गावचा वास पसरला. तिनं पाच ताटं घेतली. आम्ही चौघं. पाचवं कुणाचं ते मी विचारलं नाही, पाट मांडला.

जेवायला बसलो आणि दार करकरलं. आम्ही सगळ्यांनी मान वर केली. वारा नव्हता. केतकी उठून पळाली. आमचे घास हातात तसेच. तिनं दार उघडलं, रस्ता न्याहाळला, दार तसंच लोटून ठेवलं आणि परत आली.

“मांजर असेल,” रघुनाथ म्हणाला.

बसता बसता तिचं लक्ष आत्याबाईंच्या ताटाकडं गेलं. बाईंनी मिसळीची भाजीही घेतली नव्हती, चाकवताची वाटीही भरलेली.

“आत्याबाई, चव तरी बघा.”

“नगं.”

“गावी तर भाकरी कुस्करून खायचात. मायलेकरं भांडायचात वाटीवरून.”

“आईला ताक बाधतं हल्ली,” रघुनाथ घाईनं म्हणाला.

“काल रात्री पेलाभर प्यायल्या की.”

रघुनाथनं पाणी घेतलं. मी भात वाढायला लागले, कुणाला नको असताना.

केतकी शेतकऱ्याघरची पोर. गयेला पिंड दिले की आवडीची एक भाजी कायमची सोडतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचा आवाज अगदी बारीक झाला. “गयेला तुम्ही चाकवत सोडलात?”

आत्याबाईंनी होकाराची मान हलवली.

“मामंजींना तर चाकवत बघवत नसे. ते गवार खायचे.”

रघुनाथ ताटातला भात चिवडायला लागला. गयेला तो सोबत होता. भटजींनी आणखी कुणाचं नाव घ्यायचं का विचारलं, तेव्हा कुणी काय सांगितलं, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

दार पुन्हा करकरलं. केतकी अर्धवट उठली. आत्याबाईंनी उष्ट्या हातानंच तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

“बस. भाऊ येतोय तवा त्याच्यासंगं जा. दार उघडाय तू कशाला ऱ्हातीस? त्या वाटंनं आता कुनी यायचं न्हाई.” बाईंनी पाचवं ताट स्वतःकडं ओढलं. “त्याच्या नावाचा पिंड मी दिलाय. माझा दिगू मेला, पोरी.”