लामेकमामाचं पहिलं मरण

समोरचा माणूस खरं बोलतोय असं वाटायला लागलं की मी जास्तच सावध होतो. बायको म्हणते, लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हा 'हो' म्हणायच्या आधी तुम्ही माझ्याकडं एकदा नीट निरखून बघितलं होतं. बघितलं असेल. तीस वर्षं मी खेळाडूंचे पाय चोळतोय. खेळायचं असलं की मोडलेला पाय दुखत नाही आणि खेळायचं नसलं की धडधाकट पाय लंगडतो, हे मी रोज बघतो.

म्हणून जेरेनं मला बोलावून इंग्लंडहून आलेलं पत्र पुढं सरकवलं तेव्हा ते वाचायच्या आधी मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. जेरे आमच्या फुटबॉल संघटनेचा सचिव. तो न्गोनी, मी बेंबा. या दोन जमातींत चेष्टेचं नातं आहे. एकमेकांना काहीही बोलावं, लग्नात बोलावं, मयतीतही बोलावं, आणि समोरच्यानं राग धरायचा नाही.

"वाच, माकडखाऊ," तो म्हणाला. "अक्षरं लावता येत असतील तर."

"उंदीर भाजून खाणाऱ्यांना अक्षरं कधीपासून कळायला लागली?"

पत्र लोंबे चिसेंगाबद्दल होतं. लोंबे आमच्या राष्ट्रीय संघातला डाव्या बाजूचा खेळाडू, वय बावीस. उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबनं त्याला घ्यायचं ठरवलं होतं. वैद्यकीय तपासणी झाली होती, सह्या झाल्या होत्या. अडलं होतं ते तिथं काम करायच्या परवान्यावर. त्या काळचा नियम असा होता की देशाच्या गेल्या दोन वर्षांतल्या अधिकृत सामन्यांपैकी शंभरात पंचाहत्तर तरी खेळाडूनं खेळलेले असावेत. आमचे सामने झाले अकरा, लोंबे खेळला आठ. म्हणजे बहात्तर आणि वर काही. पण दुखापतीमुळं हुकलेला सामना ते मोजत नसत. तसा एक जरी वगळला तर दहात आठ, म्हणजे ऐंशी.

हुकलेल्या तीन सामन्यांपैकी दोन वेळा प्रशिक्षकानंच त्याला घेतलं नव्हतं. राहिला मागच्या जूनमधला किगालीचा सामना.

"लोंबे म्हणतो, तेव्हा त्याचा गुडघा गेला होता," जेरे म्हणाला. "तू तसं लिहून दे. मंगळवारपर्यंत तिकडं पोचायला हवं, नाहीतर खेळाडू घ्यायची मुदत संपते."

"तेव्हा त्याचा मामा गेला होता."

"मलाही तसंच आठवतंय."

"आठवतंय काय! सांत्वनाचं पत्र तूच लिहिलंस. पिठाची गोणी मी स्वतः लुआन्श्याच्या बसमध्ये चढवली."

मयतीच्या घरी आमच्याकडं कुणी रिकाम्या हातानं जात नाही. दहा-दहा दिवस माणसं अंगणात बसून असतात, त्यांना शिजवून घालावं लागतं. आणि सुट्टी मागायला मयतीसारखं दुसरं कारण नाही, कारण तिचा पुरावा मागणारा माणूस आमच्या देशात अजून जन्मायचाय. मीसुद्धा मागितला नव्हता.

"पाणी कुठंतरी मुरतंय," मी म्हणालो.

"मुरू दे. तू सही कर."

सही करणं मला जड जातं, त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी एका गोलरक्षकाच्या बोटासाठी मी अशीच न बघता सही केली होती. बोट मोडलं नव्हतं, ते तिकडं उघडकीला आलं. पुढच्या वर्षी खरोखर पाय मोडलेल्या एका पोराचा परवाना त्यांनी नाकारला, कारण पत्राखाली माझं नाव होतं. तो पोरगा आता माझ्या घराच्या वाटेवर मिनीबस चालवतो. माझ्याकडून भाडं घेत नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लोंबेला बोलावलं. तो दारातच गुडघे वाकवून टाळ्या वाजवून उभा राहिला, मोठ्या माणसापुढं राहतात तसा.

"ताता, बोलावलंत?" मला तो ताता, म्हणजे बाबा, म्हणतो.

"किगालीच्या वेळी काय झालं होतं?"

"गुडघा, ताता. उजवा."

"मग मेलं कोण?"

मग त्यानं खिशातून एक कागद काढला. न्दोलातल्या एका दवाखान्याचा, जूनची तारीख, गुडघ्याला सूज, चार आठवडे विश्रांती, खाली शिक्का. कागद कसा छान होता. तो दवाखाना त्या जूननंतरच्या डिसेंबरमध्ये उघडला, आणि उद्घाटनाला मी स्वतः समोसे खाल्ले होते, एवढंच काय ते त्यात कमी होतं.

"हा कागद कुणी करून दिला?"

"एजंटनं. ताता, कागद खोटा आहे. गुडघा खरा आहे."

"आणि मामा?"

"गुडघा खरा आहे, ताता," तो पुन्हा म्हणाला. मी कागद परत दिला आणि शनिवारी पहाटेच्या बसनं लुआन्श्याला निघालो. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्याआधी तिथं फोन पोचला असता.

लोंबेचं घर जुन्या खाण-वस्तीत, आंब्याच्या झाडाखाली. अंगणात एक म्हातारा पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. लोंबेची आई, बाना लोंबे, दारातून मला बघून आत गेली ती बाहेर येईना. मी म्हाताऱ्याला विचारलं, आपण कोण.

"मी लामेक मुबांगा. लोंबेचा मामा."

"कोणता मामा? लोंबेचा मामा मागच्या जूनमध्ये वारला."

"तोच मी," म्हातारा म्हणाला आणि शेंगदाणे माझ्यापुढं केले. "बसा. तुम्ही बा चिबेसा असणार. तुमचं पीठ फार चांगलं होतं. माझ्या मयतीचं मीच दोन आठवडे खाल्लं."

आता कुणीही म्हातारा झाडाखाली बसून मी मामा आहे म्हणू शकतो. मी म्हणालो, "कार्ड बघू."

तो एवढा हसला की त्याला खोकला लागला. पण आत जाऊन त्यानं हिरवं ओळखपत्र आणलं. मी फोटो आणि तोंड दोनदा ताडून पाहिलं. मामा जिवंत होता, यात शंका घ्यायला जागा नव्हती. जागा असती तर मी घेतली असती.

"मला विचारूनच मारलं त्यानं," मामा म्हणाला. "म्हणाला, मामा, तुम्हाला एक आठवडा मरावं लागेल. मी म्हटलं, भाच्यासाठी तेवढं जमेल."

"पण कशासाठी?"

"तुम्हाला गुडघ्याचं सांगितलं असतं तर तुम्ही वहीत लिहिलं असतं. ऑगस्टमध्ये इंग्लंडचा माणूस त्याचा खेळ बघायला येणार होता. गुडघा गेलेलं पोर कोण घेतो, बा चिबेसा? महिनाभर आतल्या खोलीत पडून होता. हाडं बसवणारी म्हातारी रोज यायची. गुडघ्याला ब्लेडनं चिरा मारून औषध चोळायची."

चिरा म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी निळी वही माझ्यासोबतच असते. मी जुलैचं पान काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'लोंबे. उजव्या गुडघ्याभोवती ब्लेडच्या चिरा, अकरा, खपली अजून ओली. विचारलं तर म्हणतो लहानपणच्या. खोटं बोलतो.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. माझ्या संशयानंच त्याचा पुरावा वर्षभर सांभाळून ठेवला होता.

बाना लोंबे तेव्हा बाहेर आली. ती हसत नव्हती. "मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं," ती म्हणाली. "मरणाला नाव घेऊन बोलावू नये. ते वाट विसरत नाही."

"गप गं," मामा म्हणाला. "आलंच तर पीठ आहे घरात."

मी जेरेला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुडघ्याचं ठीक आहे. पण आपल्या फायलीत मामा मेलेला आहे, माझ्या सहीनं, आणि फाइल मागच्याच आठवड्यात तिकडं गेली. आता तो जिवंत असल्याचा कागद लागेल."

सोमवारी सकाळी मामा पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर लुआन्श्याच्या कोर्टात आला. 'मी, लामेक मुबांगा, निवृत्त खाणकामगार, शपथेवर सांगतो की मी जिवंत आहे आणि मागच्या जूनमध्येही होतो.' कारकुनानं तीनदा वाचून घेतलं. मामानं सही केली, त्याची एक प्रत मागून घेतली आणि वाटेत भेटेल त्याला दाखवत घरी गेला. बहीण मात्र त्याच्याबरोबर आली नव्हती. मी वहीच्या पानासह पत्र लिहिलं, खाली सही केली. ती करताना हात जड झाला नाही.

परवाना मिळाला. विमानतळावर लोंबे म्हणाला, "ताता, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

"मी वहीवर ठेवला," मी म्हणालो.

तो हसला. त्याला ती चेष्टा वाटली.

पुढच्या वर्षी मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी मला इंग्लंडहून फोन आला. क्लबच्या कचेरीतली बाई होती, फार नम्रपणे बोलत होती. "मिस्टर चिबेसा, लोंबे म्हणतो त्याचा मामा वारला. लामेक मुबांगा. आमच्याकडं याच माणसाचा एक कागद आहे, म्हणून विचारते. या वेळी खरं आहे का? तुम्ही हो म्हणालात तर आज संध्याकाळच्या विमानात त्याला जागा आहे."

हो म्हणायला किती वेळ लागतो? पण माझ्या डोक्यात नको ते आलं. लोंबेला तीन आठवडे संघात घेतलं नव्हतं. मागच्या महिन्यात तो फोनवर म्हणाला होता, इथं फार गार आहे, घरी यावंसं वाटतं. आणि एकदा उपयोगी पडलेला मामा दुसऱ्यांदा का पडणार नाही?

"मी चौकशी करून सांगतो," मी म्हणालो.

बाना लोंबेचा फोन बंद होता. बंद फोनमुळं माझा संशय वाढलाच. मयतीच्या घरात फोन चार्ज करायचं भान कुणाला असतं, हे मला सुचलं नाही. जेरे त्या आठवड्यात न्दोलाला होता, लुआन्श्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याला विचारलं.

"मेलाय," जेरे म्हणाला. "या खेपेला नीट मेलाय. तू आपलं नाक घेऊन ये आणि हुंगून बघ."

आता यावर काय विश्वास ठेवायचा? न्गोनी माणूस बेंबाच्या मरणाबद्दल सरळ बोललाय असं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

संध्याकाळी लोंबेचाच फोन आला. "ताता, त्यांना सांगा ना."

"सांगतो. एकदा डोळ्यांनी बघतो आणि सांगतो."

तो म्हणाला, "मामा गेला, ताता," आणि त्यानं फोन ठेवला.

शुक्रवारी संघाचं शिबिर होतं. शनिवारी पहाटेच्या बसनं मी निघालो.

वस्तीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. तरीही मी मनात म्हटलं, दुसरं कुणी असेल. अंगणात आंब्याखाली पुरुष ओंडक्यांच्या शेकोटीभोवती बसले होते, बायका आत चटयांवर होत्या. शवपेटी दारात आणली होती आणि जेरे तिच्यापुढं उंबऱ्यावर आडवा पडला होता. मामाची फाटकी टोपी त्याच्या डोक्यावर होती. चेष्टेच्या नात्यातल्या माणसानं वाट अडवल्याशिवाय आमच्यात मयत हलत नाही.

मला बघून तो कोपरावर उठला. "आले, तपासनीस आले! सरका सगळे. पेटी उघडा रे, यांना कार्ड बघायचंय."

सगळं अंगण हसलं. कार्डाची गोष्ट मामानंच वस्तीभर सांगितली होती. रागवायचं नसतं. मी हसलो, आणि हसताना मला माझी एवढी लाज वाटली की पायांखालची माती दिसेना.

कोपऱ्यात जाऊन मी त्या बाईला फोन लावला. "खरं आहे," मी म्हणालो.

"फार वाईट झालं," ती म्हणाली. "त्याला आजच पाठवते." आज निघून तो उद्या संध्याकाळी पोचणार. गुरुवारी निघाला असता तर आत्ता इथं असता. दफन आजच दोन वाजता होतं.

पेटीशेजारी एक लाकडी पाट मांडला होता, मामा शेंगा फोडायला बसायचा तोच. आमच्यात मामाचं नाव भाचा पुढं चालवतो. त्यानं तिथं बसायचं आणि सगळ्यांसमोर ते नाव घ्यायचं. पाट बराच वेळ रिकामा ठेवला होता. शेवटी लोंबेच्या मावसभावाला बसवलं. तो कावराबावरा होऊन दाराकडं बघत होता.

बाना लोंबे बाहेर आली. तिनं माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि सोडले. तिनं माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागं फाटकाकडं बघितलं, पिठाची गोणी घेऊन कुणी येतंय का म्हणून.

मागं कुणी नव्हतं. मी खात्री करायला आलो होतो. पिठाची मला आठवणही झाली नव्हती.